उजवा काठ

वास आधी आला. बाबा नंतर दिसले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नमिताचा पाय तसाच थबकला. गोडसर, गुळमट वास, हातगाडीवरच्या लाल सरबतासारखा, आणि त्याच्या पाठीमागून रॉकेलची बारीक धार. वास ओळखीचा होता, पण घरातल्या कुठल्या डब्याशी, कुठल्या फडताळाशी त्याची गाठ पडेना. तो ओळखला तिच्या उजव्या हासळीने. हाड जुळून महिने झाले होते, डॉक्टरांनी आता काही उरलं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी वास नाकात शिरताच तिथे कुणीतरी अंगठा रोवल्यासारखं झालं आणि मग एकदम सगळं समोर आलं. तापलेलं डांबर, हेल्मेटच्या काचेवर आडवं पडलेलं आकाश, हातभर अंतरावर अजून वेड्यासारखं गरगरणारं आपल्याच गाडीचं मागचं चाक, आणि हा वास. हाच. त्या दिवशी तिला वाटलं होतं, इंजिनातलं काहीतरी सांडलं असेल. पडलेल्या माणसाला कसलेही वास येतात, असं म्हणून तिने तो सोडून दिला होता.

खाली पार्किंगमध्ये दसऱ्याची लगबग होती. शेजारचे भाऊराव आपल्या स्कूटरवर बादली ओतत होते, कुणाच्या रिक्षाला झेंडूचं तोरण चढत होतं. आणि नमिताच्या गाडीपाशी उकिडवे बसून, बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि खांद्यावर पंचा अशा अवतारात, तिचे बाबा बळवंत स्वयंपाकघरातल्या स्पंजने मागचा टायर चोळत होते. एखाद्या बाळंतिणीने बाळाला तेल लावावं तसे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली, त्यामुळे टायरची उजवी कड वर आलेली, बरोब्बर त्यांच्या हाताखाली. तिथे ते दोनदा-तीनदा हात फिरवत होते. टायर काळाभोर, ओलाचिंब दिसत होता, नुकत्याच डुंबून आलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.

"बघ गो, कसो चमकता," बाबा मान न वळवता म्हणाले. त्यांना तिची पावलं पाठ होती. "आज दसरो मां. गाडयेक कसा, नवरीसारख्या दिसाक व्हया."

"बाबा, हे काय आहे?"

"पॉलिश. टायराचा पॉलिश."

त्यांच्या पायाशी बाटली होती. अर्धी. नमिताने बाटलीकडे पाहिलं, आणि तिला असं वाटलं की आपण त्या उरलेल्या अर्ध्याकडे नाही, गेलेल्या अर्ध्याकडे बघतो आहोत.

"कधी आणलीत?"

"पाडव्याक. तो गो, स्टेशनाकडचो अ‍ॅक्सेसरीवालो..." ते लहान पोरासारखे हसले. "तेवापण लावलंलंय. तू झोपलंलंस. तुका कळलासुद्धा नाय."

पाडवा. त्यानंतरच्या रविवारी, शर्यतीच्या टीमची निवड होती तेव्हा, ती ट्रॅकवर पडली होती.

तिने हातातला गेज घट्ट धरला. टायरमधली हवा मोजायला ती खाली आली होती. गेले सहा महिने ती हेच करत होती, मोजत होती. भांडुपच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं आणि घरी आल्यावर गाडीची मापं काढायची. मागची स्प्रिंग आधी सैल केली, मग आवळली, मग पुन्हा सैल. हँडल खाली घेतलं. पाय ठेवायच्या फूटरेस्ट वर आणि मागे सरकवल्या, मग गुडघे दुखले म्हणून परत जागेवर आणल्या. हवा कमी केली, वाढवली. गाडीत दोष सापडेना तेव्हा तिने तो स्वतःत शोधायला घेतला. नजर चुकली असेल. कंबर उशिरा आत गेली असेल. उजवीकडे वळताना उजवी मूठ पुढे ढकलायची असते, ऐकणाऱ्याला उलटं वाटतं पण गाडी तशीच वळते. ती मूठ आपण घाबरून मागे ओढली असेल. ती रात्ररात्र तो एक क्षण उसवत बसली होती, आणि दर वेळी तिच्या हाती तेच सूत लागत होतं: तू. तूच. आणि इतके दिवस ही बाटली सिंकखाली, फिनाइलच्या शेजारी, शहाण्यासारखी उभी होती.

टायर सरळ रस्त्यावर मधेच झिजतो. मुलुंडपासून घाटापलीकडच्या ट्रॅकपर्यंत ती गाडी चालवत गेली होती, त्या सगळ्या वाटेत मधलं पॉलिश रस्त्याने खाल्लं असणार. पण काठ रस्त्याला लागतच नाहीत. काठ लागतात ते फक्त पुरतं कलल्यावर, वळण पोटाशी घेतल्यावर. तोवर ते पॉलिश तिथे काठावर तसंच बसून राहिलं. तिची वाट बघत. आणि उजव्या काठावर जास्त, कारण बाबांचा हात तिथे सहज पोचत होता. इतकं साधं होतं ते. आणि तिला आठवलं, त्या सकाळी शिकवणाऱ्या निलेश सरांनी तिची गाडी पाहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "वा! याला म्हणतात गाडी आणणं. शिका जरा, चकाचक!" त्यांनीसुद्धा टायरला हात लावला नव्हता. तिनेही नाही. चमक पाहून सगळे खूश झाले होते. आणि पडल्यावर तेच निलेश सर म्हणाले होते, "गाडीला काही झालेलं नाही नमिता, गाडी बरोबर होती. तुझं डोकं घाबरलं." हितेश नावाच्या एकाने तिच्या घसरण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, 'नमिता मॅडमनी ट्रॅक झाडून दिलाय, आता आपण खेळूया.' सत्तर जण हसले होते. त्यांत दोन तिच्या कारखान्यातले होते. टीममध्ये बायकांसाठी एक जागा होती, ती तिच्याबरोबर शिकणाऱ्या मानसीला गेली. मानसी चांगली होती, म्हणून तर तिच्यावर नीट रागावताही आलं नव्हतं.

आणि मग ती खरंच घाबरली. हे सगळ्यात वाईट होतं. आधी भीती नव्हती. ती तिला सांगून सांगून, बोटं दाखवून दाखवून शिकवली गेली. हाड जुळल्यावर नवा टायर घालून ती पुन्हा आरे कॉलनीत जाऊ लागली, सुट्टीच्या सकाळी, एका बंद पडलेल्या तबेल्यामागच्या वळणांवर, जिथे शेणाच्या गाडीशिवाय काही फिरकत नाही. डावीकडे ती पाण्यासारखी वळायची. उजवीकडे आलं की अंग लाकूड व्हायचं. टायरचा डावा काठ घासून खरखरीत झाला, उजव्यावर दोन बोटं रुंदीचा पट्टा कोराच राहिला, कारखान्यातून आलेल्या रबराच्या बारीक लवेसकट. गेल्या सरावाला निलेश सरांनी तो पट्टा पाहिला आणि म्हणाले, "डावीकडे वाघीण, उजवीकडे शेळी. येत्या रविवारी परत निवड आहे. दोन्ही काठ घासून आण. नाहीतर येऊच नकोस."

परवा रविवार होता. आणि बाबा त्या कोऱ्या काठाला पॉलिश लावत होते.

"हात काढा."

"काय गो?"

"बाबा, हात काढा तिथून!"

तिचा आवाज पार्किंगच्या छताला आपटून खाली आला. भाऊरावांची बादली थांबली. "काय झालं गं पोरी?" त्यांनी विचारलं. काय झालं? सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडलं, कारण त्याच्या टोकाला जे नाव होतं ते या माणसाचं होतं. रागाला एक तोंड लागतं. सहा महिने ती ते तोंड शोधत होती. हितेशचं लावून पाहिलं होतं, निलेश सरांचं, स्वतःचं तर रोज सकाळी आरशात. ते निघालं असं. बनियनवर काळे डाग पाडून, हातात भांडी घासायचा स्पंज धरून, काय चुकलं ते न कळून वर बघणारं. हात झोळीत असताना याच माणसाने तिला पेज भरवली होती. आई कामावर गेली की तिची वेणी घालायचा प्रयत्न केला होता, आणि वेणी दोरखंडासारखी झाली म्हणून दोघं हसली होती. याच माणसावर रागवायचं? मग ते हसू कुठे ठेवायचं? तिला वाटलं, कुणा वैऱ्याने मुद्दाम तेल ओतलं असतं तर बरं झालं असतं. त्याला नीट शिव्या देता आल्या असत्या. या प्रेमाने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

आणि मग तिला इस्पितळातली दुपार आठवली, आणि वितळू पाहणारा राग परत घट्ट झाला. बाबा कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. ते गिरणीत ऑइलर होते, म्हणजे साच्यांना, गिरणीतल्या यंत्रांना, तेल घालणारे. नमिता शाळेत जायच्या आधीच गिरणी बंद पडली, मग ते नाहूरच्या एका इमारतीत लिफ्ट चालवत होते, पण आजही कुणी विचारलं तर सांगायचे, ऑइलर. तिचा झोळीतला हात हळूच थोपटत ते म्हणाले होते, "मशीन कदी आपणान चुकणा नाय गो. हात चुकता. व्हता. सगळ्यांचो चुकता." समजूत काढायलाच म्हणाले होते. पण ते वाक्य हाडापेक्षा खोल गेलं. निलेश सर म्हणाले तेव्हा ती मनात भांडली होती. बाबा म्हणाले तेव्हा तिने मान्य केलं.

"गरम पाणी आणा," ती म्हणाली. "आणि भांड्याची पावडर. आणि घासणी, तारेची नको, काथ्याची."

"अगो, पण आता तर लावलंय..."

"घासायचंय. सगळं. आत्ता."

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. ते वर गेले, बादली घेऊन आले, आणि दोघं चाकाच्या दोन बाजूंना बसली. फेस काळा होत वाहू लागला. नमिता दात आवळून घासत होती. बाबा तिच्याकडे बघत, तिच्यासारखंच घासत होते. न विचारता. त्यांचं ते न विचारणंही तिला डिवचत होतं. भांडा ना, म्हणा ना की पोरी, सणाच्या दिवशी काय तमाशा लावलायस. तेवढ्यात जिन्यावरून आई उतरली, मंजुळा, हातात पूजेचं ताट, नारळ, आपट्याची पानं. दर दसऱ्याला ती म्हणायची ती ओवी तिच्या ओठांवर होती, लग्न होऊन मुंबईत आल्यावर तिने नवऱ्यावर स्वतःच रचलेली:

तेलाची झारी गं, माझ्या चुड्याच्या हातामंदी
साचा गातोय गोड, साऱ्या गिरणीच्या कानामंदी

लहानपणी या दोन ओळींवर नमिता झोपून जायची. चाळभर गिरणीवाले होते, पण ओवी फक्त तिच्याच बाबांवर होती. आज त्यातला एकच शब्द तिच्या कानात घुसला. तेल. घरभर तेल होतं, गाण्यात, केसांत, देवापुढे, हातांत. सगळं गुळगुळीत करून ठेवायची यांना सवयच होती. कशालाच कुठे पकड म्हणून राहू द्यायची नाही.

"आई, गाऊ नकोस."

"काय झाला? सणासुदीचा कोण असा..." आईने ताट कठड्यावर ठेवलं. "आणि गाडी कित्याक धुतास परत? आताच मां धुतली!"

बाबांचा हात मंद होत होत थांबला. ते टायरच्या काठावर बोट ठेवून बसले होते, जिथे पॉलिश अजून निघालं नव्हतं. बोट सुळकन घसरलं. त्यांनी ते परत ठेवलं. परत घसरलं. मग त्यांनी बाजूचा, फेसाने साफ झालेला भाग चाचपला. तिथे बोट अडलं. ते असं बऱ्याच वेळा करत राहिले. नमिता बघत होती. तिला कळलं की आता ते त्यांचं त्यांनाच कळतंय, आणि आपल्याला ते थांबवता येणार नाही, आणि थांबवायचंही नाही.

"ह्यो तर पट्टो आसा," बाबा म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

गिरणीतल्या ऑइलरला पहिल्या दिवशी हेच शिकवत. सगळीकडे तेल घाल, बेअरिंगला घाल, चात्यांना घाल, पण पट्ट्यावर थेंब पडता कामा नये. पट्ट्याला तेल लागलं की पट्टा चाक सोडतो, आणि सुटलेला पट्टा समोरच्याचा हात घेऊन जातो. हे बाबांनी तिला किती वेळा सांगितलं होतं. जेवताना, भाताचा घास हातात धरून, सुटलेल्या पट्ट्याचा आवाज काढून दाखवत. घसरून चालतं ते वेगळं आणि धरून चालतं ते वेगळं, हे ज्याच्या हाडीमासी होतं, त्याला दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या हौसेत हे दिसलं नव्हतं की टायर रस्त्याला धरतो.

"पाडव्याक..." त्यांनी मान वर केली. "नमू, पाडव्याक मीयाच..."

नाही म्हणता आलं असतं. आई कठड्यापाशी उभी होती, सण होता, भाऊराव बादली धरून कान देऊन होते. नाही बाबा, त्याचा काही संबंध नाही. एवढंसं वाक्य, आणि सगळं पुन्हा गुळगुळीत झालं असतं.

"हो," नमिता म्हणाली.

बाबांनी स्पंज खाली ठेवला. ओले हात दोन्ही गुडघ्यांवर पालथे टाकले. "आसपतळात मी तुका काय बोल्लंय..."

"आठवतंय मला."

ते माफ कर म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले नाहीत हे बरं झालं, कारण म्हणाले असते तर तिला माफ करावं लागलं असतं. त्यांनी घासणी उचलली आणि उरलेला काठ घासायला घेतला. आता ते वेगळे घासत होते, बोटाने तपासत, पुन्हा पाणी ओतत, पुन्हा तपासत. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून त्यांनी नख आडवं ओढून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"बसा मागे," ती म्हणाली. "हेल्मेट घाला."

"आणि पूजा?" आई ओरडली. "नारळ फोडूचो आसा!"

"नारळ थांबेल आई."

लिंक रोडने ती मुद्दाम हळू चालली होती. बाबा तिच्या गाडीवर पहिल्यांदाच बसले होते. त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, मग काय आठवलं कोण जाणे, तो उचलून डाव्यावर ठेवला. ते तिला कळलं आणि डोळ्यांत काहीतरी चुरचुरलं, आणि त्याचाही तिला राग आला. आरेच्या आतल्या रस्त्याला लागल्यावर हवा बदलली. ओला पाला, शेण, कुठेतरी चुलीचा धूर. बंद तबेल्यामागे, उजव्या वळणापाशी तिने गाडी थांबवली.

"उतरा. तिथे झाडाखाली उभे राहा."

ते उतरले. वळण त्यांनी निरखून पाहिलं, कडेने पसरलेली बारीक खडी पाहिली. मग खांद्यावरचा पंचा काढून ते वाकले आणि वळणाची आतली बाजू झाडू लागले. वाकून, मागे सरकत, खडी कडेला लोटत. नमिताने थांबा म्हटलं नाही. तिने फक्त पाहिलं. तो पाठमोरा, पांढऱ्या केसांचा, सणाच्या दिवशी रस्ता झाडणारा माणूस तिचा बाप होता, आणि त्याने तिला पाडलं होतं, आणि दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींपैकी एकही दुसऱ्याला पुसत नव्हतं.

ती मागे जाऊन वळली. पहिल्या फेरीला अंग लाकूडच होतं. वळणाआधीच खांदे वर चढले, मुठी आवळल्या, गाडी उभीच राहिली आणि बाहेरच्या गवतापर्यंत गेली. दुसऱ्या फेरीलाही तेच. रागाने हात आखडत होते. हातात राग धरून वळता येत नाही, हँडल सैलच लागतं, त्याला फक्त सांगायचं असतं. मग राग ठेवायचा कुठे? सोडायचा नव्हता तो. कुणी सांगितलं असतं सोड, तरी तिने सोडला नसता. सहा महिने तिच्या नावावर टाकलेला दुसऱ्याचा दोष होता तो, आता कुठे तो परत करायला मिळाला होता. तिसऱ्या वेळी वळण समोर आलं तेव्हा तिने तो खाली ढकलला, पोटात, मांड्यांत. डावा गुडघा टाकीला असा आवळला की पाय थरथरला. कंबर आत सरकली. बोटं मोकळी झाली. नजर वळणाच्या पलीकडे, तबेल्याच्या पडक्या कोपऱ्यावर, आणि उजवी मूठ पुढे गेली, हलकेच, दार लोटावं तशी.

गाडी कलली. अजून कलली. रस्ता उजव्या बाजूने वर आला आणि तिच्या गुडघ्याशी बोलला. झाडलेल्या डांबरावर टायरचा कोरा काठ टेकला, त्याने धरलं, आणि धरून ठेवलं. पडताना कसलाच आवाज झाला नव्हता, फक्त पकड नाहीशी झाली होती. आज आवाज होता, रबराचा, बारीक, जिवंत. झाडाखालून एक पांढरा पंचा तिच्या डोळ्यांच्या कडेने गेला, पण तिने तिकडे पाहिलं नाही. ती परत फिरली, पुन्हा आली, पुन्हा. दर फेरीला ती थोडी अजून खाली जात होती, आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने शिव्या देत होती. सरांना, हितेशला, त्या हसणाऱ्या सत्तर जणांना, बाटलीला. आणि बाबांनाही. सगळ्या शिव्या आल्या तिला. एकही अडली नाही.

थांबली तेव्हा इंजिन टिकटिकत होतं. बाबा जवळ आले. ते तिच्याकडे न बघता सरळ मागच्या चाकाशी बसले. उजव्या काठावरची ती कोवळी लव गेली होती. रबर खरवडून, वळ्यावळ्यांनी गोळा होऊन, पार कडेपर्यंत गेलं होतं. कोरं काही उरलं नव्हतं. बाबांनी बोट पुढे केलं, आणि टायरपासून वीतभर अंतरावर ते थांबलं.

"हात लावू?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या नखांत, रेषांत, मनगटाच्या सुरकुत्यांत अजून काळं पॉलिश होतं. राग होता तसाच होता. गरम होता. पण आता तो त्याच्या जागी बसला होता.

"आधी हात धुवा," नमिता म्हणाली.

तबेल्याच्या भिंतीला एक नळ होता, गवताआड. बाबा तिकडे गेले. पाठ वळवून, वाकून, ते हात धुवू लागले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मूठभर माती घेऊन नखं, मग कोपरापर्यंत, पाळी संपल्यावर गिरणीच्या हौदाशी धूत असतील तसे. त्यांना बराच वेळ लागला. नमिताने गाडी साइड स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, आणि घाई न करता थांबून राहिली. उजवा काठ वर आला होता, आणि अजून तापलेला होता.